‘सापडत नाही’ ह्या निरोपाचा अर्थ



वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेती, अर्थकारण हे विषय आपण आवडीने ऐकता. आजचा विषय त्या पंक्तीत काहीसा परका वाटेल. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर एखादा प्रोग्रॅम त्याच्या मूळ संहितेपासून तयार करून बसवू लागले, की पुष्कळदा मध्येच ‘अमुक सापडत नाही’ असा निरोप पडद्यावर उमटतो आणि काम थांबते. त्या निरोपाचा अर्थ काय आणि पुढे करावयाचे काय, एवढाच आजचा प्रश्न. प्रश्न लहान आहे. परंतु कित्येक चांगली कामे ह्या एका ओळीपाशी अडतात ती कायमचीच अडतात. म्हणून त्याचा विचार चारचौघांत करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा खटाटोप कशासाठी?

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून आपल्या भागातलेच एक काम डोळ्यांपुढे ठेवू. मराठवाडा निजामी राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. त्यापूर्वी हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचीही उर्दू. अशा काळात गावात मराठी वाचनालय चालविणे हे केवळ हौसेचे काम नव्हते. लोकजागृतीचा तो एक मार्ग होता. त्या पिढीने जमविलेल्या पुस्तकांचा कागद आता पिवळा पडला आहे आणि बोट लावताच तुटतो आहे. पानांची छायाचित्रे काढून ठेवता येतात, आणि ती काढावीतच. परंतु छायाचित्र हे शेवटी चित्र. ‘कंधार’ किंवा ‘औसा’ हा शब्द त्या हजार पानांत कोठे कोठे आला आहे, हे चित्राला विचारता येत नाही. त्यासाठी चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून देणारा प्रोग्रॅम हवा.

असा एक प्रोग्रॅम म्हणजे टेसरॅक्ट. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ ह्या काळात तो घडला. २००५ साली त्याची मूळ संहिता सर्वांना खुली झाली. २००६ पासून पुढे कित्येक वर्षे गूगलच्या पाठबळावर त्याचा विकास झाला. तो मराठी वाचतो. तसाच उर्दू, तेलुगू, कन्नड आणि गुरुमुखीतली पंजाबीही वाचतो. नांदेडला गोदाकाठी तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे, तेलंगणाची सीमा जवळ आहे, लातूरकडून बीदर दूर नाही. तेव्हा ह्या पाचही लिपींचे कागद एकाच कपाटात निघावेत असा हा मुलूख आहे. असा प्रोग्रॅम विनामूल्य मिळावा, आणि तो ‘सापडत नाही’ ह्या एका ओळीपायी बसविला जाऊ नये, ही गोष्ट खेदाची ठरेल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट. प्रत्येक वेळी मूळ संहितेपासूनच प्रोग्रॅम बांधावा असे मुळीच नाही. डेबियन किंवा उबुंटू वापरणाऱ्याने टेसरॅक्ट-ओसीआर आणि टेसरॅक्ट-ओसीआर-मार ही दोन तयार पॅकेजे मागवली, की बहुतेकांचे काम भागते. बाजारात तयार तूरडाळ मिळत असता घरी जाते मांडण्यात अर्थ नाही, हे लातूरकरांना आम्ही सांगावयास नको. मात्र कधी तयार पॅकेज जुन्या आवृत्तीचे असते. कधी आपला संगणक वेगळ्या जातीचा असतो. कधी जुन्या छापखान्यातले खिळ्यांचे वळण प्रोग्रॅमला नव्याने शिकवावयाचे असते आणि त्यासाठी लागणारी जोडहत्यारे हवी असतात. अशा वेळी संहिता आणून स्वतः बांधण्यावाचून गत्यंतर नसते.

आधार कशाचा?

बांधणे म्हणजे काय? माणसाने लिहिलेली संहिता यंत्राला कळेल अशा रूपात आणणे. रिवाजाने ह्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली ‘कॉन्फिगर’: संगणकावर काय आहे आणि काय नाही ह्याची झडती. दुसरी ‘मेक’: प्रत्यक्ष बांधकाम. तिसरी ‘मेक इन्स्टॉल’: बांधलेली वस्तू जागेवर नेऊन ठेवणे.

आता कोणताही प्रोग्रॅम सर्व कामे स्वतः करीत नाही. टेसरॅक्टला अक्षर ओळखता येते. पण पानाचे चित्र उघडणे, ते सरळ करणे, काळे-पांढरे करणे ही कामे तो लेप्टोनिका नावाच्या दुसऱ्या संहितासंग्रहाकडे सोपवतो. डॅन ब्लूमबर्ग ह्यांनी तो रचला. लेप्टोनिका तरी सर्व स्वतः कोठे करते? पीएनजी जातीचे चित्र आले की ती लिबपीएनजीला हाक मारते, टिफ आले की लिबटिफला, जेपेग आले की लिबजेपेगला. आणि लिबपीएनजी पुन्हा दाबून बसविलेली माहिती सोडविण्यासाठी झेडलिबवर विसंबते. ह्या एकमेकांवर विसंबण्याला संगणकाच्या परिभाषेत डिपेन्डन्सी म्हणतात. आपण तिला ‘आधार’ म्हणू. पाककृतीच्या पुस्तकात आधी ‘साहित्य’ आणि मग ‘कृती’ दिलेली असते. येथे साहित्याच्या यादीतील प्रत्येक जिन्नसाची स्वतःची अशी आणखी एक यादी असते, एवढाच फरक.

‘सापडत नाही’ हा निरोप ह्या साखळीतला कोणता तरी दुवा हाताशी नाही, एवढेच सांगतो. तो नकार नव्हे. तो पत्ता आहे. टेसरॅक्टचे उदाहरण घ्या. झडतीत लेप्टोनिका मिळाली नाही, तर ‘लेप्टोनिका १.७४ किंवा त्यापुढील हवी. लिबलेप्टोनिका-डेव्ह हे पॅकेज बसवून पाहा’ अशा अर्थाची ओळ तो लिहून थांबतो. म्हणजे काय हवे, कोणत्या आवृत्तीचे हवे आणि कोठे मिळेल, हे तिन्ही त्याने सांगून टाकले. तरीही इंग्रजी ओळ आणि ‘एरर’ हा शब्द पाहून पुष्कळ जण खिडकी बंद करतात. अशा वेळी यंत्रापेक्षा आपली घाईच अधिक आड येते.

चार प्रकारची उणीव

न सापडणाऱ्या गोष्टी चार प्रकारच्या असतात, आणि कोणता प्रकार आहे हे ओळखले की निम्मे काम झाले.

पहिला प्रकार हत्याराचा. डाळ करावयाची तर जाते आणि सूप हवे, तसे बांधकामाला कम्पायलर, मेक, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग ही हत्यारे हवीत. ‘ही आज्ञा ठाऊक नाही’ असा निरोप आला की हत्यार नाही असे समजावे. डेबियन-उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल ह्या एका पॅकेजात कम्पायलर आणि मेक मिळून येतात. बाकीची नावानिशी मागवावी लागतात.

दुसरा प्रकार सर्वांत फसवा. समजा, लेप्टोनिका संगणकावर आहे. आपण डोळ्यांनी पाहिली. तरी झडती म्हणते, नाही. असे का? कारण अशा संग्रहाची दोन अंगे असतात. एक अंग चालू प्रोग्रॅमला लागते. दुसरे अंग नवा प्रोग्रॅम बांधणाऱ्याला लागते. ह्या दुसऱ्या अंगात हेडर फाईली असतात, म्हणजे संग्रहात कोणती कामे आहेत आणि त्यांना कशी हाक मारावी ह्याची सूची. वाचनालयात पुस्तके आहेत पण सूची नाही, तर वाचकाला मागणी नोंदविता येत नाही; त्यातलाच हा प्रकार. वितरणे ही दोन अंगे वेगवेगळ्या पॅकेजांत ठेवतात. डेबियन-उबुंटूवर सूचीच्या पॅकेजाच्या नावाअखेर ‘डेव्ह’ असते, फेडोरावर ‘डेव्हल’. तेव्हा ‘आहे तरी सापडत नाही’ असे दिसले की प्रथम हे दुसरे अंग मागवावे. आमच्या समजुतीप्रमाणे निम्म्याहून अधिक अडचणी येथेच मिटतात.

तिसरा प्रकार बांधकाम पुरे झाल्यावर दिसतो. सर्व पायऱ्या निर्विघ्न पार पडल्या. प्रोग्रॅम चालवू गेले तो म्हणतो, ‘लिबटेसरॅक्ट.एसओ.५ उघडता येत नाही.’ आताच तर ती आपण बांधली! खुलासा असा की स्वतः बांधलेली वस्तू बहुधा ‘यूएसआर’खालील ‘लोकल’ ह्या कप्प्यात जाते, आणि प्रोग्रॅम चालू करताना संग्रह शोधून देणारा जो लोडर असतो, त्याच्या यादीत तिची नोंद अजून झालेली नसते. एलडीकॉन्फिग ही आज्ञा अधिकाराने चालविली की यादी नवी होते. काही वितरणांत तो कप्पा यादीत मुळातच नसतो. तेथे तो आधी लिहून द्यावा लागतो. कोणता प्रोग्रॅम कोणकोणत्या संग्रहांवर विसंबून आहे आणि त्यांतला कोणता मिळत नाही, हे एलडीडी ही आज्ञा ओळीने दाखवते.

चौथा प्रकार सामग्रीचा. टेसरॅक्ट चालू झाला, पण मराठीची शिकवण असलेली ‘मार.ट्रेन्डडेटा’ ही फाईल ठेवली नाही, तर त्याला मराठी अक्षर ओळखता येत नाही. येथे बांधकामात काहीच चुकलेले नसते. फाईल आणून नेमक्या कप्प्यात ठेवणे, किंवा ती कोठे आहे हे टेसडेटा-प्रीफिक्स ह्या खुणेने सांगणे, एवढेच करावयाचे असते.

न बोलणारी उणीव

आतापर्यंतच्या उणिवा निदान बोलून दाखवतात. खरी काळजी न बोलणाऱ्या उणिवांची. लेप्टोनिका आपणच बांधली आणि त्या वेळी लिबपीएनजीची सूची संगणकावर नव्हती, तर लेप्टोनिका अडत नाही. पीएनजी वाचण्याचे अंग वगळून ती मुकाट्याने बांधली जाते. मग तिच्यावर टेसरॅक्टही बांधला जातो. सर्व उत्तम झाले अशा समजुतीत आपण पानाचे चित्र देतो, आणि तेव्हा कळते की हे काम येथे उपलब्ध नाही. माणूस चित्राला दोष देतो, कॅमेऱ्याला देतो. मूळ दोन पायऱ्या खाली असते. आता लिबपीएनजीची सूची नुसती आणून भागत नाही. लेप्टोनिकाची झडती पुन्हा घेऊन ती नव्याने बांधावी लागते.

जोडहत्यारांचेही असेच. नवे वळण शिकविण्याच्या हत्यारांना आयसीयू, पँगो आणि कैरो हे आधार लागतात. ते नसले तर टेसरॅक्टची झडती अडत नाही. शिकवणीची हत्यारे बांधता येणार नाहीत, एवढी सूचना शेवटी लिहून ती पुरी होते. म्हणून झडती यशस्वी झाली तरी तिचा शेवटचा गोषवारा वाचावाच. बांधकामानंतर टेसरॅक्टला आवृत्ती विचारावी; लेप्टोनिकाबरोबर कोणकोणते चित्रसंग्रह जोडले गेले, त्यांची नावे तो सांगतो. त्यांत लिबपीएनजी आणि लिबटिफ आहेत ना, हे पाहूनच हजार पानांच्या कामाला हात घालावा.

माप जुळले पाहिजे

नाव जुळले म्हणजे भागले असेही नाही; आवृत्ती जुळावी लागते. ही गोष्ट आपल्या भागाला रेल्वेने फार पूर्वी शिकविली आहे. १९११ साली लातूरला आली ती बार्शी लाइट रेल्वे २ फूट ६ इंच मापाची होती. नांदेडची गाडी एके काळी मीटर मापावर धावत असे. विकाराबादहून बीदरमार्गे परळीला जाणारा मार्ग रुंद मापाचा, ५ फूट ६ इंचांचा. सर्वच रेल्वे, पण एकीची वाघीण दुसरीच्या रुळांवर चालत नसे. कुर्डुवाडीला माल उतरवून पुन्हा भरावा लागे. लातूर-कुर्डुवाडी मार्गाचे रुंदीकरण २००८ साली पुरे झाले, तेव्हा ती कटकट संपली.

संग्रहाच्या नावापुढील आकडा म्हणजे हे माप. एखादा जुना प्रोग्रॅम लिबपीएनजी १२ मागतो आणि संगणकावर लिबपीएनजी १६ आहे. अशा वेळी काही जण १६ लाच १२ असे नाव देऊन मोकळे होतात. पाटी बदलल्याने रुळांचे माप बदलत नाही. प्रोग्रॅम कदाचित चालू होईल. पण मध्येच कोसळेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचे उत्तर देईल. योग्य मार्ग दोनच: प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेणे, किंवा हव्या त्या मापाचा संग्रह वेगळ्या कप्प्यात बांधून त्या प्रोग्रॅमपुरता तो दाखवून देणे. वेगळ्या कप्प्यात बांधलेला संग्रह पुढच्या झडतीला दिसावा म्हणून पीकेजी-कॉन्फिगला त्या कप्प्याचा पत्ता द्यावा लागतो, हे विसरू नये. संगणकाच्या मुळाशी असलेला जीलिबसीसारखा संग्रह मात्र हाताने बदलण्याच्या फंदात कोणी पडू नये. त्यावर जवळजवळ सर्वच उभे असते. तो हलला की साधी आज्ञाही चालेनाशी होते.

कामाची रीत

आता रीत थोडक्यात सांगतो.

संहितेबरोबर ‘रीडमी’ आणि ‘इन्स्टॉल’ ह्या नावांच्या फाईली येतात. साहित्याची यादी तेथे असते. ती आधी वाचावी.

शेकडो चुका एकदम उमटल्या तरी गांगरू नये. पहिली चूक शोधावी. एक सूची न सापडल्याने तिच्यावर विसंबलेल्या दोनशे ओळी चुकतात. पहिली दुरुस्त होताच बाकीच्या बहुधा आपोआप नाहीशा होतात. शेवटची ओळ वाचून उपाय करणारा माणूस दिवसभर राबतो आणि तेथेच राहतो.

झडती का अडली हे निरोपावरून कळले नाही, तर ‘कॉन्फिग.लॉग’ ही फाईल उघडावी. झडतीने काय करून पाहिले आणि कम्पायलरने काय उत्तर दिले, हे सर्व तिच्यात असते.

फाईलीचे नाव कळले पण पॅकेज कळले नाही, असे झाल्यास डेबियन-उबुंटूवर ॲप्ट-फाईल आणि फेडोरावर डीएनएफ प्रोव्हाइड्स ही आज्ञा विचारावी. आणखी एक सोय आहे. तोच प्रोग्रॅम वितरणात आधीच असेल, तर ॲप्टची बिल्ड-डेप ही आज्ञा तो बांधण्यास लागणारे सर्व आधार एकदम आणून देते. तिच्यासाठी मूळ संहितांचे भांडार यादीत चालू असावे लागते. ॲप्ट १९९८ च्या सुमारास आली आणि १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर सर्वांच्या हाती पडली. तत्पूर्वी ही साखळी पुष्कळदा ज्याची त्याने दुव्यादुव्याने शोधावी लागे. आजही आपल्याजवळ तयार आधार नसेल तेव्हाच तशी पायपीट करावी, एरवी नाही.

पडद्यावरील भाषा मराठी ठेवली असेल तर निरोप अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी येतात, आणि त्यांवरून शोध घेणे कठीण जाते. एलसी-ऑल ह्या खुणेला ‘सी’ हे मूल्य दिले की तेवढ्या कामापुरते निरोप मूळ रूपात येतात. हा मराठीचा अव्हेर नव्हे. पत्रावरचा पत्ता पोस्टाला वाचता यावा, एवढाच हेतू.

कोठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून तयार ‘.एसओ’ फाईल उतरवून कप्प्यात टाकणे, हा मार्ग सर्वस्वी वर्ज्य मानावा. तिच्यात काय भरले आहे हे आपणास ठाऊक नसते, आणि पुढे दुरुस्ती आली तरी ती तिला लागू होत नाही.

शेवटी, जे जे मागविले, ज्या ज्या आज्ञा दिल्या, त्या सर्वांचे एका वहीत किंवा फाईलीत टिपण ठेवावे. ह्या सूचनेस आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो. आपल्याकडील महाविद्यालयांत असे काम बहुधा एखादा हुशार विद्यार्थी एकट्याने करतो. पदवी मिळाली की तो पुण्याला किंवा हैदराबादेला नोकरीसाठी जातो. वर्षभराने संगणक बदलतो. प्रोग्रॅम पुन्हा बांधावा लागतो. आणि कोणालाच काही ठाऊक नसते. ग्रंथपाल चित्रांची थप्पी कपाटात ठेवून देतात. न सापडणारा आधार ह्या वेळी संगणकात नसून माणसांत असतो, आणि तो कोणतीही आज्ञा आणून देत नाही. एका पानाचे टिपण असते, तर दुसऱ्या विद्यार्थ्याने एका दुपारी ते काम उभे केले असते.

शिकण्याची साधने नाहीत अशी सबबही आता राहिलेली नाही. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध करून दिले आहेत. नांदेडला विष्णुपुरी येथे श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले आणि त्याचे उपकेंद्र लातूरला आहे. इंग्रजी निरोप वाचू शकणारी मुले आणि जुनी पुस्तके सांभाळणारी वाचनालये दोन्ही एकाच गावात असता, त्यांची गाठ पडावी एवढीच आमची इच्छा आहे.

स्वावलंबन हा शब्द आपल्या पिढ्यांनी आदराने उच्चारला. परंतु कोणावरही विसंबून नसणे असा त्याचा अर्थ घेतला, तर तसे स्वावलंबन जगात कोठेच नाही; टेसरॅक्टलाही ते साधलेले नाही. आपण कशाकशावर विसंबून आहोत हे नेमके ठाऊक असणे, त्यातील काय निसटले तर कोठून आणावे हे माहीत असणे, आणि ते पुढच्याला सांगून ठेवणे, ह्याला स्वावलंबन म्हणावे. ‘सापडत नाही’ ही ओळ पुन्हा दिसेल तेव्हा खिडकी बंद न करता ती शेवटपर्यंत वाचावी. काय आणावयाचे हे बहुधा तिच्यातच लिहिलेले असते. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.